ड्रमबंदी

आर्लिस टगलला गिटार वाजवायचा पगार मिळायचा, आणि ती फार ऐकू येऊ नये अशी अट होती.

बाकीचे गिटारवाले तारेतून सूर काढतात आणि तो लांबेल तितका लांबवतात. आर्लिसचं सगळं उलटं. डाव्या हातानं सूर धरायचा, उजव्या हातानं सगळ्या तारांवर एक सपाटा मारायचा, आणि सूर जन्माला येतोय न येतोय तोच डावी बोटं सैल सोडून त्याचा गळा दाबायचा. मग उरायचं ते फक्त 'चक्'. शेजारी एल्जिन उभा असे, त्याच्या माणसाएवढ्या बेसला मिठी मारून. एल्जिननं 'धुम' म्हणायचं, आर्लिसनं 'चक्' म्हणायचं. धुम-चक्, धुम-चक्. या दोघांच्या खांद्यावर पाय देऊन फिडल रडायचं, स्टील गिटार हुंदके द्यायची, गायिका पळून गेलेल्या नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायची आणि टेनेसीभर बायका एप्रननं डोळे पुसायच्या. आर्लिसच्या नावानं कुणी कधी डोळे पुसले नाहीत. त्याची तक्रार नव्हती. आपण थांबलो तर हा सगळा डोलारा बसेल, असं तो मनातल्या मनात समजत असे, आणि दर शनिवारी संध्याकाळी नॅशव्हिलहून रेडिओवर लागणाऱ्या 'कोठीघर मेळ्या'त आपल्या लाकडी खुर्चीवर राजासारखा बसत असे. त्या खुर्चीपलीकडे त्याला आयुष्यात काही नको होतं.

त्याची ही खुर्ची टिकून होती ती मिस्टर क्लेबर्न पेटस यांच्या कृपेनं. पेटस हे मेळ्याचे मॅनेजर. पूर्वी विमा विकायचे, त्यामुळे माणसाला कशाकशाची भीती दाखवता येते हे त्यांना पाठ होतं. मेळ्याच्या मंचावर ड्रम आणायचा नाही, हा त्यांचा नियम.

"गिटार, फिडल, बँजो ही देवाला चालणारी वाद्यं," ते सांगत. "ड्रम आला की मागोमाग बिअर येते. बिअरच्या मागोमाग नाच. आणि नाचाच्या मागोमाग जे येतं ते मी बायकांसमोर बोलत नाही."

बायकांमागेही ते बोलत नसत, त्यामुळे ते नेमकं काय याविषयी बँडमध्ये फार रंगतदार चर्चा चाले. नियम मात्र नियम होता. ड्रम नाही म्हणून आर्लिसचं चक्. ड्रमानं करायचं काम आर्लिस गिटारीवर करायचा आणि देवाला ते चालायचं.

आता नशिबाची गंमत बघा. अशा माणसाच्या घरात, त्याच्याच सोफ्यावर, एक ड्रमर झोपलेला होता.

हॉबर्ट हा आर्लिसच्या बायकोचा, व्हर्डीचा, धाकटा भाऊ. मेम्फिसमधलं काम सुटलं तेव्हा "दोन आठवड्यांसाठी" म्हणून आला. ते दोन आठवडे कुठल्या पंचांगातले होते कोण जाणे. हॉबर्ट वाईट नव्हता. भांडी विसळायचा, कुत्र्याला फिरवून आणायचा, कुणाला उलटून बोलायचा नाही. फक्त तो जात नव्हता. ड्रमचा सगळा संच त्यानं न्हाणीघरातल्या टबात रचून ठेवला होता, त्यामुळे टगल पतिपत्नी मोरीतल्यासारखी बादलीनं अंघोळ करत होती. जेवायला बसला की काट्यांनी टेबल, ताट, ताकाचा ग्लास, जे समोर येईल ते वाजवायचा. बिस्किटं भट्टीतून बाहेर आली की त्यांच्या फुगीर पाठीवरसुद्धा बोटांनी ताल धरायचा आणि मग ती खायचा. सगळी.

"हॉबी, अरे आर्लिसला ठेव एखादं," व्हर्डी म्हणायची.

"ठेवलं की. ते बघ, तळाला."

एका गुरुवारी बीन्स आणि मक्याची भाकर खाता खाता हॉबर्ट म्हणाला, "आर्लिस, राग मानू नकोस, पण शनिवारी पडद्यामागून तुझं ते चक् नीट कान देऊन ऐकलं. कोंबडी पत्र्यावर दाणे टिपतेय असं वाटतं."

आर्लिसनं चमचा खाली ठेवला. "काय म्हणालास?"

"वाईट नाही म्हणत. तालाला पक्की आहे कोंबडी. पण खऱ्या ड्रमाच्या तळाला बारीक तारा असतात, त्या कशा खरखरतात! तुझ्यात ती खरखर नाही. कुठून असणार म्हणा, गिटार ती गिटार."

"माझ्या टबात ड्रम ठेवून मला कोंबडी म्हणतोस?"

"तुला नाही रे, चक्‌ला म्हटलं."

आर्लिसनं चमचा पुन्हा उचलला, पण कोंबडी त्याच्या डोक्यातून जाईना. शुक्रवारी सकाळी व्हर्डी दुकानात गेल्यावर त्यानं स्वयंपाकघराचा खण उघडला. व्हर्डी बिस्किटं ज्या मेणकागदात गुंडाळून ठेवायची, त्याची एक पट्टी फाडली आणि गिटारीच्या तारांतून, एकीच्या वरून दुसरीच्या खालून अशी, टोपली विणावी तशी विणली. मग हात मारला.

चक् नाही. छ्रक्!

कडक, कोरडं, आणि शेवटी तीच ती खरखर. आर्लिसनं पुन्हा मारलं. बाहेर अंगणात कुत्रा उठून उभा राहिला. आर्लिस इतका खूश झाला की एकटाच स्वयंपाकघरात फिरून फिरून वाजवत राहिला आणि व्हर्डी पिशव्या घेऊन दारात कधी उभी राहिली ते त्याला कळलंही नाही.

"हॉबीनं ड्रम बाहेर काढला की काय?" ती म्हणाली. "काढला असेल तर मी आधी टबात बसून घेते."

ते ऐकून आर्लिसला केवढा आनंद झाला!

शनिवारी मेळ्यात त्या छ्रक्‌नं बहार उडवून दिली. पहिल्याच गाण्याला एल्जिननं मान वळवून बघितलं आणि दात काढले. गाणारी बाई दुसऱ्या कडव्यात खांदे हलवायला लागली, जे तिनं आजवर कधी केलं नव्हतं. बाकांवरच्या म्हाताऱ्या बायका पायानं ताल धरू लागल्या. हॉबर्ट पडद्यामागे उभा होता. आर्लिसच्या ओळखीवर तो दर शनिवारी आत यायचा, कारण तिथे पीठगिरणीतर्फे सफरचंदाचे गोड 'पाय' फुकट वाटत. हातातला तुकडा तोंडापर्यंत न्यायचा तो विसरला.

आणि मंचाशेजारच्या काचेच्या खोलीत मिस्टर पेटस ताडकन उभे राहिले.

कार्यक्रम संपून लोक बाहेर पडले न पडले तोच ते टॉर्च घेऊन मंचावर आले. "कुणी हलायचं नाही. या मंचावर ड्रम आहे."

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. पेटसनी पियानोच्या पोटात टॉर्च मारला. बेसची पेटी उघडून आत डोकावले. फिडलवाल्याला टोपी काढायला लावली, का ते त्यांनाच माहीत. एल्जिन जरा अंगानं जाड. त्याच्याकडे त्यांनी इतका वेळ रोखून बघितलं की शेवटी तो म्हणाला, "मिस्टर पेटस, हे सगळं माझंच आहे. बायकोला विचारा."

मग त्यांनी पडदा बाजूला सारला. मागे हॉबर्ट. एका हातात अर्धा उरलेला गोड 'पाय', आणि पँटच्या मागच्या खिशातून डोकावणाऱ्या दोन ड्रमच्या काड्या. त्या तो चर्चमध्येसुद्धा काढत नसे.

"तू ड्रमर आहेस?"

"होय सर."

"ड्रम कुठाय?"

हॉबर्टचा एकच दोष, विचारलं की खरं सांगायचा. "आर्लिसच्या घरी, सर. टबात."

आर्लिसनं डोळे मिटून घेतले.

पेटस हळूहळू त्याच्याकडे वळले. "टगल, मला तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. मेव्हण्याला पडद्यामागे बसवून ड्रम वाजवतोस आणि घाईघाईनं घरी लपवतोस?"

"अहो, आत्ता तर कार्यक्रम संपला. घरी कधी जाऊन आला तो?"

"ते तुम्हाला माहीत. बुधवारी मिसेस ब्लँकेनशिप ऑफिसात येणार आहेत. त्या यायच्या आत तो ड्रम माझ्या टेबलावर पाहिजे, आणि तुझा कबुलीजबाब. नाहीतर शनिवारी तुझ्या खुर्चीवर दुसरा माणूस असेल. आणि याला," त्यांनी हॉबर्टच्या छातीवर टॉर्च रोखला, "मेम्फिसपर्यंतच्या एकाही रेडिओ स्टेशनाच्या पायरीवर मी उभा राहू देणार नाही."

मिसेस ब्लँकेनशिप म्हणजे पीठगिरणीच्या मालकीणबाई. मेळा त्यांच्या पिठावर चालायचा. त्या शिंकल्या तर पेटसना ताप यायचा.

रविवारी टगलांच्या घरी जेवणं झाली, पण तळलेल्या कोंबडीकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हॉबर्टनं एकच तंगडी खाल्ली, यावरून काय ते समजावं.

"मी सांगतो काय करू या," तो म्हणाला. "माझा ड्रम देऊन टाक त्यांना. मी म्हणतो, मीच वाजवला. तुझी खुर्ची राहील."

आर्लिसनं ताट बाजूला सारलं. इतके दिवस ज्याला मनातल्या मनात ढकलत ढकलत बसस्टँडपर्यंत नेलं होतं, तो माणूस आपल्यासाठी पोटापाण्याचा धंदा टबातून उचलून द्यायला निघाला होता. त्याला हॉबर्टला मिठी मारावीशी वाटली. बिस्किटांची आठवण झाल्यामुळे त्यानं मारली नाही.

"अजिबात नाही," व्हर्डी म्हणाली. "हॉबी, एकदा का त्या माणसानं तुझं नाव खराब केलं की तुला कुठे काम मिळणार? मग तू माझ्या सोफ्यावरून उठणार कधी? मला पुरायला नेतील तेव्हासुद्धा तू त्याच सोफ्यावर बसून हात हलवशील. आर्लिस, तू उद्या जायचंस आणि खरं सांगायचंस. ते तुझं छ्रक् होतं म्हणून."

"आणि त्यांनी छ्रक्‌वरच बंदी घातली तर?"

"का घालतील? गिटार आहे ती."

"चर्चला जाणारा माणूस आहे," आर्लिस स्वतःची समजूत घालत म्हणाला. "चूक कळली की सॉरी म्हणेल."

"चर्चला जाणारी माणसं सॉरी देवाला म्हणतात," व्हर्डी म्हणाली, "गिटारवाल्याला नाही. पण जा."

सोमवारी जायचा धीर झाला नाही. मंगळवारी आर्लिसच्या दाढेत दुखत होतं. बुधवारी मात्र व्हर्डीनंच गिटारीची पेटी दारात आणून ठेवली. हॉबर्टनं पुरावा म्हणून टबातला छोटा ड्रम काखोटीला मारला आणि दोघं पेटसच्या ऑफिसात गेले.

मिसेस ब्लँकेनशिप आधीच येऊन बसल्या होत्या. फुलाफुलांचा ड्रेस, मांडीवर पर्स, पायाशी एक म्हातारं कुत्रं. ड्रम बघताच पेटस विजयानं म्हणाले, "बघा मॅडम! मी म्हटलं नव्हतं? आणून दिला शेवटी."

"दिला नाही सर, दाखवायला आणलाय," हॉबर्ट म्हणाला.

"मिस्टर पेटस," आर्लिस म्हणाला, "शनिवारी ड्रम नव्हताच. तो आवाज माझ्या गिटारीचा होता."

पेटस हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच आर्लिसनं त्यांना हसताना पाहिलं आणि ते न पाहिलेलंच बरं होतं. "टगल, तीस वर्षं या कानांनी संगीत ऐकतोय मी. डोळे बांधून मला हजार वाद्यांत उभं करा. ड्रम कुठला आणि गिटार कुठली हे मला समजत नसेल तर मी उद्यापासून पुन्हा विमा विकीन. मॅडम, तुमच्यासमोर सांगतो."

"मग करूनच बघू या की," मिसेस ब्लँकेनशिप म्हणाल्या. सकाळपासून पिठाचे आकडे ऐकून त्या कंटाळल्या होत्या. "पडदा आहे ना तुमच्याकडे?"

सगळी वरात मंचावर गेली. एल्जिन आणि फिडलवाला सरावाला आलेलेच होते, ते खुर्च्या ओढून बसले. पेटस पडद्याकडे पाठ करून उभे राहिले. मालकीणबाई अशा जागी बसल्या की त्यांना पडद्याच्या मागचंही दिसेल.

पडद्यामागे आधी हॉबर्टची पाळी होती. आयुष्यात पहिल्यांदा तो ड्रमबंदीच्या मंचावर ड्रम घेऊन उभा होता, समोर पिठाची मालकीण. भीतीनं त्यानं ड्रमाखालच्या तारा सैल सोडल्या, त्यावर रुमाल टाकला आणि बोटांच्या टोकांनी, झोपलेल्या बाळाला थोपटावं तसं वाजवलं. पुप्. पुप्. पुप्.

"ही गिटार!" पेटस बाहेरून गरजले. "तार दाबून वाजवलेली. सभ्य, घरंदाज वाद्य. पुढे!"

एल्जिननं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

आर्लिसला आता काय करावं ते कळेना. हळू वाजवावं तर घोटाळा आणखी वाढेल. आणि खरं सांगायचं तर त्याला रागही आला होता. रुमालाखालच्या पुप्‌पुप्‌ला सभ्य गिटार म्हणायचं? मग ही काय आहे? त्यानं मेणकागद नीट बसवला आणि जन्मात मारला नव्हता असा हात मारला. छ्रक्! छ्रक्! मालकीणबाईंचं कुत्रं उठून भुंकायला लागलं.

"हाच!" पेटस ओरडले. "हाच तो! हाच ड्रम शनिवारी वाजला! कुत्र्यालासुद्धा समजतंय. आता पडदा ओढा!"

पडदा ओढला. हॉबर्ट ड्रमवरचा रुमाल खिशात घालत होता. आर्लिस गिटार छातीशी धरून उभा होता. फिडलवाल्याला खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना.

मिसेस ब्लँकेनशिप पर्समधून रुमाल काढून तोंडाशी धरत म्हणाल्या, "मग मिस्टर पेटस? आता बंदी कुणावर?"

त्या क्षणी "माझी चूक झाली" एवढे तीन शब्द पेटस बोलले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण ज्या माणसानं मालकीणबाईंसमोर स्वतःचे कान पणाला लावलेत, त्याच्या तोंडून ते तीन शब्द कसे निघावेत? त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा झाला, आणि मग त्यावर विमा एजंटाची जुनी शांती पसरली.

"बंदी वस्तूवर कधीच नव्हती, मॅडम," ते म्हणाले. "बंदी आवाजावर आहे. ज्याचा आवाज ड्रमाचा, तो ड्रम. ज्याचा आवाज गिटारीचा, ती गिटार. टगल, तुझा ड्रम उचल आणि घरी जा. आणि तू, काय नाव तुझं?"

"हॉबर्ट, सर."

"शनिवारपासून टगलच्या खुर्चीवर तू बसायचंस. गिटारवर."

"पण सर, हा ड्रम आहे."

"मी तुला विचारलं का?"

शनिवारी संध्याकाळी हॉबर्ट आर्लिसचाच चांगला कोट घालून मेळ्याला गेला. जाताना दारात तो इतक्यांदा "मी जाऊ ना? नको जाऊ का?" म्हणाला की शेवटी व्हर्डीनंच त्याला बाहेर ढकलला. मग आर्लिस सोफ्यावर जाऊन बसला. सोफ्यात हॉबर्टच्या आकाराचा खड्डा पडला होता. आर्लिस त्यात बसून राहिला.

आजवर मेळा त्यानं कधी घरी बसून ऐकला नव्हता. शनिवारी संध्याकाळी तो इथे नसायचाच. व्हर्डी काय करते तेही त्याला ठाऊक नव्हतं. आज बघितलं. ती रविवारची कणीक मळायला घेते आणि रेडिओ लावते. बस्स.

गाणं सुरू झालं. धुम-पुप्. धुम-पुप्. पहिलं कडवं ठीक गेलं. दुसऱ्यात फिडल जरा पुढे सरकलं. हॉबर्टला भीती वाटली की त्याचा ताल पळायचा, आणि आज भीती वाटायला भरपूर कारण होतं. पुप्‌पुप्‌पुप्. एल्जिन बिचारा बेसला ओढत मागे राहिला. स्टील गिटारीला कळेना रडायचं कुठे. गाणारी बाई नवरा पळून गेल्याचं दुःख इतक्या भराभर सांगू लागली की जणू तिची बस चुकत होती.

व्हर्डीनं रेडिओला एक चापट मारली. मग दुसरी. शेजारच्या मिसेस लीच खिडकीतून ओरडल्या, "व्हर्डी, तुमचापण रेडिओ बिघडलाय का गं? आमच्या ह्यांनी आमचा खोलून टेबलावर पसरलाय!"

व्हर्डीचे पिठाचे हात परातीत तसेच थांबले होते.

"मला मळताच येईना," ती म्हणाली.

"का?"

"का काय? तू नाहीस ना त्यात." आणि तिचा आवाज एकदम फुटला. "लोकांना काय समजतंय! इतकी वर्षं दर शनिवारी मी इथे उभी राहून तुलाच ऐकते. गाणं कुठलं ते मला कधी आठवत नाही. ते चक् चक् ऐकलं की वाटतं, चला, आहे नवरा, खुर्चीवर आहे, ठीक आहे. त्याच तालावर मळते मी. आज हे बघ, गोळे झालेत सगळे."

आर्लिस सोफ्यावरून उठला, कणकेच्या परातीपाशी गेला आणि काही न सुचून तिच्या पिठाळ हातावर हात ठेवून उभा राहिला. रेडिओवर गाणं ठरल्यापेक्षा खूप आधी संपलं आणि निवेदकाला उरलेल्या वेळात पिठाचं कौतुक दोनदा करावं लागलं.

रविवारी चर्च सुटल्यावर दारावर थाप पडली. मिस्टर पेटस. हातात टोपी, डोळ्यांखाली काळं. व्हर्डीनं त्यांना स्वयंपाकघरात बसवलं, कारण सोफ्यावर हॉबर्ट तोंडावर उशी घेऊन पडला होता आणि उठायला तयार नव्हता.

"स्टेशनचा फोन कालपासून वाजतोय," पेटस म्हणाले. "तीन राज्यांतल्या लोकांनी रेडिओ उघडून ठेवलेत. मिसेस ब्लँकेनशिपनी त्यांचा गॅरेजमध्ये पाठवला होता." त्यांनी गोड चहाचा एक घोट घेतला. "टगल, तू परत ये."

आर्लिस पुढे सरकला. "खुर्चीवर?"

"खुर्चीवर. फक्त एक आहे. गिटारची जागा भरलेली आहे. तुझ्या मेव्हण्याचं नाव मी सगळ्यांसमोर जाहीर केलंय, ते आता मागे घेता येत नाही. पण ड्रमबंदी मी उठवलीय. एकाच माणसापुरती. मालकीणबाईंची परवानगी आहे." ते खाकरले. "मेळ्याचा पहिला ड्रमर म्हणून तू ये."

"मी ड्रमर नाही, मिस्टर पेटस. मी गिटारवाला आहे."

"मग गिटार आण की बरोबर. तुला कोण अडवतंय?"

व्हर्डी भांडी विसळायच्या निमित्तानं पाठ करून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती हसतेय की रडतेय हे आर्लिसला समजेना. त्याला स्वतःलाही दोन्ही येत होतं. खुर्ची समोर ठेवलेली होती, हात पुढे केला की आपली. पण ती घ्यायची म्हणजे उरलेला जन्म निवेदक हजारो लोकांना सांगणार, ड्रमवर आर्लिस टगल. आणि लहानपणापासून हातात धरलेल्या या लाकडाला कुणी गिटार म्हणून हाक मारणार नाही. एवढ्यावर नाही म्हणावं? मग शनिवारी व्हर्डीची कणीक कोण मळून देणार?

तो उठला. कोपऱ्यातून पेटी आणली, उघडली, गिटार काढून टेबलावर चहाच्या ग्लासांशेजारी ठेवली. मेणकागद अजून तारांतच होता.

"मिस्टर पेटस," तो म्हणाला, "तुम्ही तिकडे मला काहीही म्हणा. ड्रमर म्हणा, बँजोवाला म्हणा, कोंबडी म्हणा. पण इथे, माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या बायकोसमोर एकदा सांगा. हे काय आहे?"

पेटसनी खिडकीकडे बघितलं. मिसेस लीच त्यांच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या, म्हणून ते उठले आणि खिडकी बंद करून आले. मग दाराकडे बघितलं. तेही ओढून घेतलं. मग खाली बसले आणि गिटार जरा स्वतःकडे ओढली.

"गिटार," ते म्हणाले.

"आणि त्या शनिवारी मी जे वाजवलं ते?"

"गिटारच." त्यांनी कपाळ पुसलं. "आणि, टगल, मी आजवर ऐकलेली सगळ्यात चांगली. आता आणखी काही म्हणायला लावू नकोस, माझी तब्येत बरी नाही."

व्हर्डी वळली. रडतच होती ती, पण हसून हसून. आर्लिसचेही डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्याला काही गरज वाटली नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "येतो मी. शनिवारी सहालाच ना, नेहमीसारखं?"

पेटस टोपी घालून उठले. दारात पोचेपर्यंत त्यांच्यात पुन्हा मॅनेजर संचारला होता.

"पाचला," ते म्हणाले. "ड्रमर लोकांना मांडामांडीला वेळ लागतो."